दर साल, दर शेकडा : व्याजाच्या दराची कुळकथा आणि झाडीपट्टीचा व्यवहार

शाळेत अंकगणित शिकलेल्या प्रत्येकाला 'द. सा. द. शे.' ही अक्षरे आठवतात. दर साल, दर शेकडा. पाटीवर ही अक्षरे लिहिताना मुलांना वाटते की हा केवळ गणित मांडण्याचा एक रिवाज आहे. परंतु या अक्षरांच्या मागे दोन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्या इतिहासात जैन आचार्यांचा वाटा मोठा आहे. व्याजाच्या व्यवहारात चार गोष्टी असतात : मुद्दल, मुदत, व्याज आणि दर. यांपैकी पहिल्या तीन डोळ्यांना दिसतात. चौथी, म्हणजे दर, हिशेब करून शोधून काढावी लागते. ज्याला ती शोधता येते तो व्यवहारात उभा राहतो, ज्याला येत नाही तो वहीत आडवा होतो, हाच चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील कर्जव्यवहाराचा सारांश आहे.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिर, मुनिश्रींचे चातुर्मास आणि दानशूर कुटुंबे यांचा इतिहास येणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या व्यापारातून हे दान उभे राहिले, त्या व्यापाराच्या एका साध्या गणिताचा इतिहासही या निमित्ताने पाहणे उचित ठरेल.

अरण्याचा दर

व्याजाचे दर नोंदवणाऱ्या आपल्याकडील प्राचीन ग्रंथांत कौटिल्याचे अर्थशास्त्र अग्रगण्य आहे. त्यात शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्माला धरून असलेले व्याज सांगितले आहे. व्यापारी व्यवहारात ते पाच पण, अरण्यातून माल नेणाऱ्यांसाठी दहा पण आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस पण असे चढत जाते. वर्षाच्या हिशेबात मांडले तर धर्म्य दर १५ टक्के, व्यापारी दर ६० टक्के, अरण्याचा १२० आणि समुद्राचा २४० टक्के होतो. अरण्यात वाट चुकण्याचे, लुटले जाण्याचे आणि माणूस परत न येण्याचे भय असे, म्हणून हा दर चढा. दंडकारण्याच्या कुशीत वसलेल्या आपल्या प्रदेशाने अरण्याचा हा दर पुढेही फार काळ सोसला. फरक इतकाच की कौटिल्याच्या काळी अरण्यातून प्रवास करणारा व्यापारी तो देत होता आणि पुढे अरण्यातच राहणारा गरीब शेतकरी तो देऊ लागला.

धर्मशास्त्राने दुसरीही एक मर्यादा घातली होती. रोख रकमेवर एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा तो 'दामदुपटी'चा नियम होय. मात्र मनुस्मृतीत धान्यासारख्या वस्तूंना पाचपटीपर्यंत सवलत आहे. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण भाताच्या या मुलखात कर्ज बहुधा धान्याचेच असे.

महावीराचार्यांचे गणित

भांदक, म्हणजे आपले भद्रावती, येथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट सापडला आहे. केसरिया पार्श्वनाथ प्रभूंच्या या तीर्थभूमीचा राष्ट्रकूटांशी संबंध होता, याचा तो पुरावा आहे. याच राजघराण्यात पुढे अमोघवर्ष नृपतुंग हा विद्याप्रेमी राजा झाला. इ. स. ८१४ ते ८७८ हा त्याचा काळ मानतात आणि मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड, ही त्याची राजधानी. त्याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या दिगंबर जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ संस्कृतात रचला. आरंभी वर्धमान जिनेंद्रांना वंदन, मग राजाची स्तुती आणि त्यानंतर गणिताची थोरवी असा त्याचा क्रम आहे. लौकिक असो वा धार्मिक, कोणताही व्यवहार गणनेवाचून चालत नाही, असे आचार्यांचे प्रतिपादन आहे.

या ग्रंथाचे विशेष असे की तो ज्योतिषाचा उपग्रंथ नाही. त्यापूर्वीचे बहुतेक गणित ज्योतिष-सिद्धांतांच्या पोटात येत असे. महावीराचार्यांनी गणितासाठीच स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात व्यापाऱ्याला लागणाऱ्या हिशेबांना मानाचे स्थान दिले. त्रैराशिक, पंचराशिक यांसाठी एक प्रकरण आणि 'मिश्रक व्यवहार' या नावाचे दुसरे. या दुसऱ्या प्रकरणात व्याजाची उदाहरणे विपुल आहेत. मुद्दल व व्याज यांची एकत्र रक्कम दिली असता दोन्ही वेगळी कशी काढावीत, मुदत ठाऊक नसेल तर ती कशी शोधावी, अनेक मुद्दले निरनिराळ्या काळासाठी दिली असता काय करावे, असे प्रश्न तेथे क्रमाने सोडवले आहेत. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन याने हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह मद्रासहून प्रसिद्ध केला आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने त्याचे हिंदी भाषांतर काढले.

दर शोधण्याची रीत

पंचराशिकाची जुनी रीत आजही तितकीच उपयोगी आहे. समजा, ४०० रुपये ९ महिन्यांसाठी दिले आणि ४५ रुपये व्याज आले. तर १०० रुपयांवर १२ महिन्यांचे व्याज किती? एका बाजूस ४००, ९ आणि ४५ मांडावे, दुसऱ्या बाजूस १००, १२ आणि रिकामी जागा. मग फळ, म्हणजे ४५, दुसऱ्या बाजूस न्यावे. त्या बाजूचा गुणाकार ४५ × १०० × १२, म्हणजे ५४,०००. उरलेल्या बाजूचा गुणाकार ४०० × ९, म्हणजे ३,६००. भागाकार १५. दर साल दर शेकडा १५ रुपये, म्हणजे कौटिल्याचा महिना सव्वा पणाचा धर्म्य दर. शाळेतील सूत्रही हेच सांगते : व्याजाला शंभराने गुणून मुद्दल आणि वर्षे यांच्या गुणाकाराने भागावे. मुदत महिन्यांत असेल तर शंभराऐवजी १,२०० आणि दिवसांत असेल तर ३६,५०० घ्यावेत.

दर अज्ञात ठेवून तो शोधायला लावणारी उदाहरणे त्याहून जुनी आहेत. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात त्यासाठी नियम दिला आणि इ. स. ६२९ मधील आपल्या टीकेत पहिल्या भास्कराने त्यावर उदाहरण घातले. शंभरावरील एका महिन्याचे व्याज किती ते ठाऊक नाही. ते व्याज पुन्हा त्याच दराने चार महिने लावले आणि दोन्ही मिळून ६ झाले, तर दर काय? उत्तर ५. पाचावर चार महिन्यांचे व्याज १ होते आणि बेरीज ६ येते. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही शेकडा पाच मासिक व्याजाचेच उदाहरण आले. कौटिल्याचा व्यापारी दरही हाच होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या साऱ्या ग्रंथांत एक शिस्त समान आहे. किती रकमेवर, किती काळाला आणि किती फळ, या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय दर उच्चारलाच जात नाही. 'दर साल दर शेकडा' या शब्दांत ती शिस्त साठवलेली आहे. 'साल' गाळले की दर अर्थहीन होतो आणि 'शेकडा' गाळला की तो झाकला जातो.

सवाई आणि दिढी

१८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निवर्तले आणि नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५४ पासून चांदा हा इंग्रजी अमलाखालील जिल्हा झाला. लगेच पुढच्या वर्षी, १८५५ मध्ये, व्याजावरील जुन्या मर्यादा रद्द करणारा कायदा झाला. रोख्यावर जो दर लिहिला असेल तो न्यायालयाने मान्य करावा, अशी नवी व्यवस्था आली. शेतसारा रोखीत, पीक पावसाच्या हाती आणि कर्ज घेणाऱ्याला अक्षरओळख नाही, अशा परिस्थितीत या मोकळिकीचा लाभ कोणाला झाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी कर्जाचे ओझे आणखी वाढवले.

झाडीपट्टीत भाताचे कर्ज 'सवाई' किंवा 'दिढी'ने देण्याची चाल होती. पेरणीला घेतलेल्या धान्यावर सुगीला पाव हिस्सा अधिक द्यावयाचा तो सवाईचा व्यवहार आणि निम्मा अधिक द्यावयाचा तो दिढीचा. या शब्दांत मुदत कोठेच नाही. कर्ज घेणाऱ्याला ऐकू येते ते एवढेच, 'वर चार आण्यांचा भाग'. परंतु पेरणी ते सुगी हे अंतर साधारण पाच-सहा महिन्यांचे. एक खंडी, म्हणजे २० कुडव, भात नेले आणि पाच महिन्यांनी २५ कुडव फेडले, तर वरील रीतीने ५ × १०० × १२ भागिले २० × ५, म्हणजे दर साल दर शेकडा ६० होतो. दिढीचा व्यवहार सहा महिन्यांचा धरला तरी दर १०० टक्के ठरतो. रोख कर्जात 'रुपयाला महिना एक आणा' हा बोल कानाला किती हलका लागतो! सोळा आण्यांच्या रुपयावर तो दर साल दर शेकडा ७५ होतो.

तथापि इतिहास न्यायाने पाहिला पाहिजे. पेरणीच्या वेळी भात महाग असे आणि सुगीला स्वस्त. समजा, ज्येष्ठात खंडीचा भाव ३० रुपये होता आणि सुगीला २४ झाला. सवाईने परत आलेल्या २५ कुडवांची किंमत तेव्हा बरोबर ३० रुपये भरते. रुपयांत पाहिले तर धान्याला धान्य घेणाऱ्या त्या सावकाराला व्याज काहीच सुटले नाही. म्हणून प्रत्येक सवाई ही पिळवणूक होती असे सरसकट म्हणता येत नाही.

खरा घात माप बदलण्यात होता. तेच २० कुडव ज्येष्ठाच्या भावाने ३० रुपये म्हणून वहीत लिहायचे, त्या रुपयांवर सवाई चढवून साडेसदतीस करायचे आणि सुगीला ते २४ च्या भावाने पुन्हा धान्यात वसूल करायचे. आता ऋणकोला सव्वाएकतीस कुडव भात घालावे लागते. २० वर सव्वाअकरा कुडव, तेही पाच महिन्यांत. दर साल दर शेकडा १३५! दोन्ही वेळी शब्द एकच, 'सवाई'. पहिल्या व्यवहारात भात देऊन भात घेतले, दुसऱ्यात देताना रुपये मोजले आणि घेताना भात. ज्याला अक्षर आणि आकडा दोन्ही अनोळखी, त्या गोंड-माडिया शेतकऱ्याला हा फरक कसा उमगावा?

रोख कर्जातही अशीच एक चाल होती. शंभराचा रोखा लिहून घ्यायचा, वर्षाचे दहा रुपये व्याज आधीच कापायचे आणि नव्वद हाती ठेवायचे. बोली शेकडा दहाची, परंतु ऋणकोला मिळालेले मुद्दल नव्वदच. तेव्हा खरा दर अकरा टक्क्यांहून थोडा अधिक होतो. अशा कापून घेतलेल्या रकमेला काही भागांत 'मनोती' म्हणत.

कायद्याचे शतक

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. त्याचे लक्ष्य सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हे होते. या सावकारांत मारवाडी व गुजराती व्यापारी पुष्कळ होते आणि त्यांत आपले समाजबांधवही होते, हे मान्य केले पाहिजे. कागद जाळले की कर्ज जळते, ही त्या शेतकऱ्यांची समजूत भाबडी असेल, परंतु जो कागद आपल्याला वाचता येत नाही तो आपला वैरी आहे, ही त्यांची भावना समजण्यासारखी होती.

या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९१८ च्या कायद्याने अवाजवी व्याजाचे व्यवहार पुन्हा उघडून तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याने सावकारावर नियमित हिशेब ठेवण्याचे आणि प्रतिवर्षी ऋणकोला त्याच्या खात्याचा उतारा देण्याचे बंधन घातले. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने कर्जाची तारीख, रक्कम, तारण आणि व्याजाचा दर स्पष्ट लिहून ऋणकोच्या हाती देण्यास सांगितले. थकलेल्या व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रकमेचा हुकूमनामा न्यायालयाने देऊ नये, असे म्हणून त्याने दामदुपटीलाही कायद्यात स्थान दिले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा येथेही लागू झाला.

१९७६ चे वर्ष अरण्यप्रदेशासाठी विशेष महत्त्वाचे. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्राचा कायदा त्याच वर्षीचा. आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी राज्याने केलेला आणि त्यांच्या मालाच्या एकाधिकार खरेदीला आधार देणारा कायदाही १९७६ चाच. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत पावसाळ्यातील उपासमारीच्या महिन्यांसाठी खावटी कर्जाची योजना राबवली गेली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. २०१४ मध्ये महाराष्ट्राने सावकारीचा नवा कायदा केला आणि परवानाधारक सावकारांसाठी त्याच वर्षी दर अधिसूचित झाले : शेतकऱ्याला तारणी कर्जास ९ टक्के व विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के.

या कायद्यांच्या मालिकेत दराच्या मर्यादेइतकाच आग्रह हिशेब लिहून देण्याचा आहे. दर लिहा, ऋणकोला समजेल असा लिहा आणि त्याची प्रत त्याच्या हाती द्या. महावीराचार्यांनी अकराशे वर्षांपूर्वी गणितात जी शिस्त मांडली, ती व्यवहारात आणण्यासाठी शासनाला शंभराहून अधिक वर्षे खर्ची घालावी लागली.

श्रावकाचा गज

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आहे, म्हणजे खोटे दस्तऐवज करणे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' आहे, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक माप वापरणे. आखूड गजाने कापड मोजणारा दुकानदार या दोषात येतो, हे प्रत्येक श्रावकाला समजते. मग देताना भाव एक, घेताना भाव दुसरा आणि मुदतीचा उल्लेखच नाही, असा दर सांगणारा सावकार कोठे बसतो? व्याजाचा दर हादेखील एक गजच आहे. त्यावरील खुणा दोन : साल आणि शेकडा. त्यांपैकी एक पुसली की तो गज आखूड होतो.

आपल्या समाजातील अनेकांनी या प्रदेशात अडीअडचणीला धान्य दिले, दुष्काळात वसुली थांबवली, कित्येकांनी खाती माफही केली. त्याचबरोबर काहींच्या वह्यांत पुसलेल्या खुणांचे गजही होते. पूर्वजांचे पुण्य आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्यांच्या दोषांचे प्रतिक्रमण करणेही आपलेच कर्तव्य ठरते.

आजची सवाई

सवाई-दिढीचे शब्द मागे पडले, परंतु झाकलेला दर मागे पडलेला नाही. आज वाहन, उपकरणे आणि छोटी घरगुती कर्जे हप्त्यांवर मिळतात. समजा, १२,००० रुपयांचे कर्ज 'सरसकट बारा टक्के' म्हणून दिले आणि बारा महिन्यांत दरमहा १,१२० रुपयांचा हप्ता ठरला. एकूण व्याज १,४४०, म्हणजे वरकरणी बारा टक्केच. परंतु दर महिन्याला हजार रुपये मुद्दल परत जात आहे. ऋणकोकडे पहिल्या महिन्यात १२,००० असतात, दुसऱ्यात ११,००० आणि शेवटच्या महिन्यात केवळ १,०००. या बारा रकमांची बेरीज ७८,००० येते. तेव्हा १,४४० × १०० × १२ भागिले ७८,०००, म्हणजे दर साल दर शेकडा सुमारे २२. येथे 'शेकडा' शाबूत आहे, पण 'साल' पुसले गेले आहे, कारण पुरे मुद्दल वर्षभर ऋणकोच्या हाती कधीच नव्हते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ व लघुउद्योगांच्या नव्या कर्जांसाठी शुल्कासह प्रत्यक्ष वार्षिक दर दाखवणारे माहितीपत्रक ऋणकोला देणे आवश्यक केले आहे. हे पत्रक मागून घेणे, वाचणे आणि शेजारच्या बचत गटातील भगिनींना वाचून दाखवणे हे कोणीही सहज करू शकेल.

ज्ञानदान हे आपल्या परंपरेतील श्रेष्ठ दानांपैकी एक. पाठशाळेत येणाऱ्या मुलांना सूत्रे आणि स्तवने शिकवली जातात, त्यांच्या जोडीला पंचराशिकाचा हा एक हिशेब शिकवता येईल. गावोगावच्या शाळांना वह्या वाटताना मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस दर काढण्याची रीत एका उदाहरणासह छापता येईल. त्याला खर्च फार नाही. ज्या अरण्यात शतकानुशतके दर झाकून व्यवहार झाला, तेथील मुलाला जैन आचार्यांचे गणित जैन समाजाकडून मिळावे, यापरते उचित ऋणमोचन सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी दुसरे कोणते असेल?

जय जिनेंद्र!